लॅपटॉपला रॅम किती घ्यावी?

आधी तुझं रोजचं सगळं काम एकदम उघड: ब्राउझरचे टॅब, एक्सेल, व्हिडिओ मीटिंग. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरी, म्हणजे रॅम किती वापरली जातेय, ते बघ. आकडा सतत ८५ टक्क्यांच्या वर राहत असेल तर रॅम वाढवच. निम्म्याच्या आसपास असेल आणि लॅपटॉप अजून जुन्या हार्ड डिस्कवर चालत असेल, तर तेच पैसे एसएसडीला, म्हणजे हार्ड डिस्कऐवजी बसणाऱ्या वेगवान स्टोरेजला घाल. फरक तिथे जाणवेल.

नवीन घेत असशील तर माझ्या मते १६ जीबी. विंडोज ११ची किमान अट ४ जीबी आहे, पण तेवढ्यात काम रखडतं. शिवाय वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ग्राफिक्सही याच रॅममधला वाटा घेतं. ३२ जीबी व्हिडिओ एडिटिंगवाल्यांसाठी. तुला सध्या गरज नाही.

आणि हे दुकानात नक्की विचार: रॅम नंतर वाढवता येते का? मॅकबुक एअर आणि बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली असते, म्हणून घेतानाच काय ते ठरवायचं. रॅम बसवायचा स्लॉट असेल तर तो डीडीआर४ की डीडीआर५ प्रकारच्या रॅमचा आहे हे बघूनच रॅमची पट्टी घे, एकाची दुसऱ्यात बसत नाही.