वॉकी-टॉकी, बॅटरी आणि नागपूरचं ऊन : वाचकांचे प्रश्न

उन्हाळा सरता सरता आलेल्या प्रश्नांत यावेळी वॉकी-टॉकीवालेच जास्त निघाले. एकेकाळी हा सेट पोलीस नाहीतर रेल्वेवाल्यांच्या हातात दिसायचा, आता सोसायटीच्या गेटवर आहे, लॉनवरच्या लग्नात केटररकडे आहे, शाळेच्या सहलीत आहे आणि गणपती मंडळात तर आहेच. सगळी पत्रं वाचून एक गोष्ट जाणवली की अँटेनातून निघणाऱ्या लहरींची भीती सगळ्यांना वाटते आणि बॅटरीबद्दल मात्र लोक एकदम बिनधास्त आहेत. माझं मत विचाराल तर काळजीचा मोठा वाटा बॅटरीला द्यायला पाहिजे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

प्रश्न : आमच्या सोसायटीत गार्डकडे वॉकी-टॉकी आहेत. मे महिन्यात एका सेटची बॅटरी मागून फुगली, बसवायला जोर लावावा लागते, पण चालून राहिली आहे बरोबर. बदलायची का उगाच? गार्डची केबिन टिनाची आहे, चार्जर तिथंच चोवीस तास लागलेला राहते.
— सुपरवायझर, मनीष नगर

दादा, ती बॅटरी आजच काढा. चालते आहे हे मान्य, पण फुगलेली बॅटरी बरेचदा शेवटपर्यंत चालत राहते, त्यावरून ती सेफ आहे असं काही ठरत नाही.

आत काय होतं ते सांगतो. या सेटांच्या पॅकमधे बहुतेक दोन लिथियम आयन सेल एकामागे एक जोडलेले असतात, म्हणून लेबलवर ७.४ व्होल्ट लिहिलेलं दिसतं आणि फुल चार्जला ते ८.४ पर्यंत जातं. प्रत्येक सेलमधे दोन इलेक्ट्रोडच्या मधे प्लॅस्टिकचा अगदी पातळ पडदा असतो आणि पेट घेऊ शकेल असं द्रव असतं. उष्णता जास्त झाली, चार्ज जास्त झाला किंवा बॅटरी म्हातारी झाली की त्या द्रवातून गॅस व्हायला लागतो, गॅसला बाहेर जायला वाट नाही म्हणून पॅक फुगतो. आता तुम्ही तीच बॅटरी जोर लावून खटक्यात बसवता म्हणजे दाब नेमका त्या पडद्यावर येतो. तो फाटला की आतल्या आत शॉर्ट होतो आणि मग उष्णतेनं आणखी उष्णता वाढत जाते, ती साखळी एकदा सुरू झाली की हातात काही राहत नाही.

तुमचं दुसरं दुखणं म्हणजे टिनाची केबिन, आणि मला तर तेच मूळ कारण वाटतं. लिथियम बॅटरी चार्ज करायची मर्यादा साधारण ० ते ४५ अंश असते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतलाच पारा ४५ च्या घरात जातो, टिनाखाली त्याच्याही वर, त्यात चार्जिंगची स्वतःची उष्णता वेगळी, म्हणजे दुपारी बारा ते पाच त्या केबिनमधे चार्जिंग करूच नये अशी परिस्थिती आहे. वापरताना बॅटरी थोडं जास्त ऊन सोसते, चार्जिंगमधे नाही सोसत. चार्जर उचलून सोसायटीच्या ऑफिसात न्या नाहीतर तळमजल्यावर हवा खेळती असेल तिथं कडप्प्याच्या ओट्यावर ठेवा, बाजूला रजिस्टर, पडदा, गादी असं काही नको. चार्जिंग रात्री नाहीतर पहाटेच्या गारव्यात करा, पण कोणीतरी जागं असताना, म्हणजे रात्रपाळीवाल्याला ते काम द्या. उन्हातून आलेला गरम सेट लगेच डॉकमधे खोचू नका, आधी सावलीत थंड होऊ द्या. लवकर थंड व्हावा म्हणून फ्रीजमधे ठेवणारे लोक आहेत, तसं करू नका, आत ओल धरते. कूलरच्या तोंडासमोर पण नको, पाण्याचे तुषार थेट चार्जरवर येतात. दिवा हिरवा झाला की सेट काढून घ्यायचा, चोवीस तास लावून ठेवायचा नाही. आणि चार्जर सेटसोबत आलेलाच वापरा, पिन बसते म्हणून दुसऱ्या कंपनीचा चालतो असं नसतं. जुन्या निकेलवाल्या पॅकचा चार्जर लिथियमला लावणं तर सरळ धोक्याचं आहे.

काढलेली बॅटरी टोचायची नाही, दाबून सपाट करायची नाही, एकदा बघू म्हणून पुन्हा चार्जिंगला लावायची नाही. तिच्या पितळी टोकांवर चिकटपट्टी लावा, कोरडी रेती भरलेल्या लोखंडी डब्यात ठेवा, डबा घरापासून आणि गाड्यांपासून लांब सावलीत राहू द्या आणि एक-दोन दिवसांत ई-कचरा घेणाऱ्याकडे पोचवा.

आणि समजा कधी चार्जिंगला असताना धूर निघालाच, तर आधी मेनचा एमसीबी पाडा, माणसं बाहेर काढा, तो धूर विषारी असतो, नाकातोंडात जाऊ देऊ नका. वीज बंद झाल्याची खात्री करून लांबून भरपूर पाणी मारायचं. लिथियमवर पाणी टाकू नये असं जे ऐकलेलं असतं ते लिथियम धातूबद्दल आहे, या बॅटरीला थंड करायला पाणीच लागतं. आग हाताबाहेर जाते आहे असं वाटलं तर वाट न बघता १०१ लावा.

प्रश्न : माझा मुलगा गणपती मंडळात व्हॉलंटिअर आहे. विसर्जनाच्या दिवशी सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत तो सेट त्याच्या कानाशी नाहीतर कमरेला. त्याच्या रेडिएशनने काही होईल का? यांना पेसमेकर बसवला आहे, घरात तो सेट ठेवलेला चालेल का?
— एक आई, महाल

ताई, आधी हे लक्षात घ्या की साधा सेट नुसता ऐकत असतो तेव्हा अँटेनातून लहरी सोडत नाही (काही डिजिटल सेट मधे मधे आपोआप सिग्नल सोडतात, तेवढं सोडून). बाजूचं बोलायचं बटण, ज्याला पीटीटी म्हणतात, ते दाबलं की तेवढ्यापुरत्या लहरी निघतात, त्यामुळे दिवसभर कमरेला सेट म्हणजे दिवसभर रेडिएशन असा हिशोब नाही. या लहरी एक्स-रेच्या जातीच्या नाहीत, त्या पेशीतला डीएनए तोडत नाहीत. शरीराच्या फार जवळून जास्त पॉवर सोडली तर ऊतक गरम होतं, सगळे नियम त्यासाठी आहेत.

म्हणून मुलाला एवढं सांगा की बोलताना सेट उभा धरायचा, तोंडापासून तीन-चार सेंटिमीटर लांब, अँटेना डोक्याला, डोळ्याला लागू द्यायची नाही. फोनसारखा कानाला चिकटवून बोलण्यात दोन तोटे आहेत, अँटेना कपाळाशी येते आणि माइक गालावर जातो म्हणून आवाजही नीट जात नाही. बटण दाबल्यावर सेकंदभर थांबून बोलायला सुरुवात करायची, नाहीतर पहिला शब्द कापला जातो आणि मग तेच तेच पुन्हा बोलावं लागतं. बोलणं एकूण वेळेच्या अर्ध्याच्या आत ठेवा असं कंपन्यांच्या पुस्तिकेत असतं, मंडळाच्या कामात तेवढं बोलणं होतही नाही, पण बटण खिशात दाबलं जाऊन सेट आपोआप बोलत राहतो हे मात्र होतं. त्यात सेट तापतो, बॅटरी उतरते, आणि सगळ्यांचं चॅनल अडून बसतं, गर्दीत कोणी पडलं तरी दुसऱ्याला सांगता येत नाही.

मला कानांची काळजी जास्त वाटते. ढोल-ताशा आणि डीजेच्या बाजूला उभं राहून इअरपीसचा आवाज फुल्ल करून तासन्‌तास ऐकणं वाईट. इअरपीस घालायच्या आधी आवाज कमी करायचा आणि मग हळूहळू वाढवायचा, आणि कानात शिट्टीसारखा आवाज येत राहिला तर ड्यूटी बदलून घ्यायची.

पेसमेकरबद्दल. सेट घरात ठेवलेला चालेल, पण बोलताना तो पेसमेकरपासून निदान २० सेंटिमीटर लांब पाहिजे, शर्टाच्या खिशात ठेवायचाच नाही, आणि यांनी स्वतः सेट वापरायचा असेल तर आधी त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारा, कारण प्रत्येक पेसमेकर वेगळा.

प्रश्न : उमरेडकडे खाणीत कंत्राटदाराच्या डंपरवर आहो. ब्लास्टिंगच्या वेळी वॉकी बंद करायला लावतात. आवाज कमी केला तर नाही का चालत? मधातच काही काम पडलं तर काय करायचं?
— एक वाचक, उमरेड

नाही चालत भाऊ. आवाज कमी केला तरी सेट चालूच असतो. स्फोटकं उडवणाऱ्या इलेक्ट्रिक डिटोनेटरला ज्या लांब तारा असतात त्या अँटेनाचं काम करतात, जवळ कोणी बटण दाबलं तर त्या तारांत करंट तयार होऊ शकतो आणि डिटोनेटरला उडायला फार करंट लागत नाही. काही डिजिटल सेट तर तुम्ही बटण न दाबताही मधे मधे आपोआप सिग्नल सोडतात, म्हणून नॉब फिरवून पूर्ण बंदच करायचा, गाडीत बसवलेला मोठा सेट असेल तर तो आधी, त्याची पॉवर हातातल्यापेक्षा जास्त असते. किती अंतरावर बंद करायचा हे ब्लास्टिंगचा जबाबदार माणूस सांगेल, त्याचं ऐका. मधात काम पडलं तर शिट्टी आणि लाल झेंडी आहेतच, आधीपासून ठरवून ठेवा.

खाली भूमिगत खाणीत मिथेन असतो, पेट्रोलच्या डेपोत वाफ असते, तिथं स्फोटक हवेसाठी पास झालेलाच सेट लागतो, त्याला इन्ट्रिन्सिकली सेफ म्हणतात आणि तसा शिक्का सेटवर आणि बॅटरीवर दोन्हीकडे पाहिजे. अशा सेटला बाहेरची स्वस्त बॅटरी लावली की तो शिक्का वाया गेला. बॅटरी बदलायची ती पण त्या जागेच्या बाहेर येऊन, कारण काढता-घालताना ठिणगी पडू शकते.

प्रश्न : ऑनलाइन ५ वॅटचे सेट स्वस्तात मिळून राहिले. लॉनच्या कामासाठी घेऊ का? लायसन लागते का?
— इव्हेंटवाला, वर्धमान नगर

लागतं, बऱ्याच सेटांना लागतं, आणि विकणारा ते सांगत नाही. आपल्या देशात लायसन्सशिवाय चालणारा हातातल्या सेटचा मुख्य फ्रिक्वेन्सी-पट्टा म्हणजे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ, तोही कमी पॉवरचा. त्याच्या बाहेरच्या फ्रिक्वेन्सीला दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी या फ्रिक्वेन्सी वाटणाऱ्या शाखेचं लायसन्स पाहिजे. स्वस्तातले ५ वॅटवाले बरेच सेट कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर लावता येतात, म्हणजे चुकून पोलीस, विमानतळ किंवा अँब्युलन्सच्या चॅनलमधे तुमची आवाजबाजी गेली तर प्रकरण साधं राहत नाही, आपल्या गावात विमानतळ शहराला लागूनच आहे. हे इतकं वाढलं की २०२५ मधे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन वॉकी-टॉकी विक्रीसाठी वेगळी नियमावलीच काढली. घेताना फ्रिक्वेन्सी छापलेली आहे का बघा, ईटीए म्हणजे सेटला सरकारी मंजुरी आहे का विचारा, उत्तर नीट मिळालं नाही तर घेऊ नका. एका लॉनपुरतं काम असेल तर ४४६ वाला छोटा सेट भरपूर झाला. बॅटरीवर मोठमोठे एमएएचचे (बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचे) आकडे छापलेले असतात त्याला पण भुलू नका, त्याच साइजच्या दुसऱ्या पॅकपेक्षा दुप्पट आकडा आणि वजन मात्र हलकं, तर तो आकडा खोटा समजा.

प्रश्न : पावसात सेट भिजला तर तांदळात ठेवायचा का? आणि अँटेना तुटली तर तशीच चालेल का थोडे दिवस?
— एक वाचक, अंबाझरी ले-आउट

तांदूळ नको, त्याची भुकटी आणि दाणे चार्जिंगच्या टोकांत बसतात. सेट बंद करा, बॅटरी काढा, दोन्ही पुसा, सावलीत पंख्याखाली दिवसभर ठेवा, हेअर ड्रायर लावू नका. पूर्ण कोरडं झाल्याशिवाय चार्जिंग नाही. सेटवर आयपी ६७ (धूळ-पाण्यापासून किती बचाव होतो त्याचा आकडा) असेल तर तो गोड्या पाण्यात एक मीटरपर्यंत अर्धा तास टिकायला पाहिजे, पण बाजूचं रबरी झाकण लागलेलं असेल तर, आणि सेट नवा असताना. आयपी ५४ म्हणजे नुसते शिंतोडे. २०२३ च्या सप्टेंबरात तुमच्या भागात जसं नाल्याचं पाणी घरात शिरलं तसल्या गढूळ पाण्यात बुडालेली बॅटरी मात्र वाळली तरी परत लावू नका.

तुटक्या अँटेनाने बोलू नका. पॉवरला बाहेर जायला नीट वाट मिळाली नाही की ती परत सेटात येते आणि आतला शेवटचा ट्रान्झिस्टर जळतो, शिवाय उघड्या धातूला बोलताना हात लागला तर चटका बसतो. अँटेना त्याच मॉडेलची घ्या, लांब दिसते म्हणून दुसरी लावली की रेंज वाढते असं नाही.

प्रश्न : कोजागिरीनंतर आमच्या मंडळाचे सेट पुढच्या गणपतीपर्यंत गोडाउनमधे पडून राहतात, मग निम्म्या बॅटऱ्या मेलेल्या निघतात. फुल चार्ज करून ठेवत असतो तरी.
— एक कार्यकर्ता, इतवारी

फुल चार्ज करून ठेवता आणि उन्हाळाभर गोडाउनमधे, हेच कारण आहे. भरलेली बॅटरी गरम जागेत लवकर खराब होते, आणि पार उतरलेली पडून राहिली तर व्होल्टेज इतकं खाली जातं की आतला तांबा विरघळायला लागतो. म्हणून ४० ते ६० टक्क्यांवर ठेवायच्या, सेटातून काढून, प्रत्येक वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, किल्ल्या आणि चिल्लरसोबत अजिबात नाही, नाहीतर टोकाला टोक लागून शॉर्ट होतो. जागा गोडाउनऐवजी कोणाच्या तरी घरातली खालच्या मजल्यावरची, कोरडी. दर तीन महिन्यांनी बघून परत निम्म्यापर्यंत भरा. हे काम एकाच माणसाच्या नावावर टाका, मंडळाचं काम सगळ्यांचं ठेवलं की बॅटरीकडे कोणी बघत नाही. ज्या पार मेल्या, ज्यांचा चार्जरवर दिवाच लागत नाही, त्यांना बाहेरून वायर लावून जबरदस्तीने उठवणारे कारागीर सापडतील, त्यांच्याकडे नेऊ नका. टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या, कचरागाडीत टाकू नका, गाडीत कचरा दाबला जातो आणि बॅटरी फुटून आग लागते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्यांची पुढची विल्हेवाट बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे, त्यामुळे नव्या घेताना दुकानदाराला आधी विचारून घ्या की जुन्या तुम्ही घेता का.