पायवाटेवरचा पहिला लाकडी बिबट्या
बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील पायवाटेसाठी आपण बिबट्या कोरणार आहात, तेव्हा वनविभागाची लेखी परवानगी हाती आल्यावरच लाकूड निवडावे. उद्यानातले पडलेले लाकूडही उचलू नये. वखारीतून जुन्या इमारतीची सागवानी तुळई मागावी, कारण ती पुरती वाळलेली असते आणि सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. बाहेरचा पांढुरका थर मात्र संपूर्ण तासून टाकावा.

मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात सरासरी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि पाणी लाकडात सर्वाधिक शिरते ते आडव्या कापलेल्या टोकांतून. म्हणून पाठ उतरती ठेवावी, कानांमागे व पंजांमध्ये पाणी साचेल अशी खोबण राहू देऊ नये, आणि शिल्प मातीत न पुरता दगडी चौथऱ्यावर बसवावे. शेपटी अंगालगतच कोरावी. माझ्या पहिल्या शिल्पाची सुटी शेपटी एका पावसाळ्यातच तुटली, याचे मला आजही वाईट वाटते.

फाट्यावर प्राण्याचे तोंड पुढच्या वाटेकडे असावे, परंतु परतणाऱ्यालाही तो मागून ओळखता आला पाहिजे. दरवर्षी मे महिन्यात जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत.