तिसऱ्या हिश्शाच्या किमतीतला क्लच घ्यावा का?

प्रश्न : माझी ११० सीसीची, गिअर नसलेली स्कूटर नऊ वर्षांत ५२,००० किलोमीटर चालली आहे. गेले दोन महिने सिग्नलवरून निघताना गाडी मागून कुणीतरी धरून हलवावी तशी थरथरते आणि वेग घेतला की थरथर थांबते. उद्यमनगरातील आमचे मिस्त्री म्हणतात की क्लच गेला आहे; कंपनीची पूर्ण असेंब्ली घेण्यापेक्षा तिच्या तिसऱ्या हिश्शाच्या किमतीत मिळणारा लोकल शूंचा (क्लचमधील पकड घेणाऱ्या तुकड्यांचा) संच बसवावा. मुलाचा मात्र ‘डुप्लिकेट’ माल घालायला सक्त विरोध आहे. आम्ही उभयता दर रविवारी याच गाडीवर जोतिबाच्या डोंगरावर जातो. काय करावे? (एक वाचक, कसबा बावडा)

उत्तर : आपले मिस्त्री आणि आपले चिरंजीव दोघेही शूंविषयीच बोलत आहेत, पण थरथर नेहमी शूंमुळेच होते असे नाही, आणि म्हणूनच पैसे देण्यापूर्वी गाडीचे डावीकडचे कव्हर उघडून आत नेमके काय झाले आहे ते आपल्या डोळ्यांनी पाहावे.

आपल्या गाडीतील क्लच हाताने दाबायचा नसतो. मागच्या पुलीबरोबर फिरणाऱ्या एका पाटीवर तीन शू बसवलेले असतात आणि लहान स्प्रिंगा त्यांना आत ओढून धरतात. ॲक्सिलरेटर पिळला की पुलीचा वेग वाढतो, अपकेंद्री बलामुळे शू बाहेर फेकले जातात आणि त्यांच्यावरील लायनर, म्हणजे घर्षणाचे अस्तर, भोवतीच्या लोखंडी वाटीला, म्हणजे मिस्त्री ज्याला क्लच बेल म्हणतात तिला, आतून घट्ट धरतात. मग चाक फिरू लागते. फिरण्याचा वेग दुप्पट झाला की शूला बाहेर ओढणारे बल चौपट होते, त्यामुळे थरथर फक्त निघतानाच जाणवते, कारण त्या दोन-चार सेकंदांत शू बेलवर अर्धवट घासत असतात. पुढे पकड पूर्ण बसली की सगळे शांत होते. आपण सांगितलेले लक्षण याच्याशी तंतोतंत जुळते. याउलट इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी पळत नाही, किंवा सपाट रस्त्यावरचा सर्वाधिक वेग घटला आहे, असे असते तर मी आपल्याला आधी बेल्ट आणि व्हेरिएटरमधील (वेगानुसार बेल्ट वर-खाली सरकवणाऱ्या पुढच्या पुलीतील) रोलर पाहायला सांगितले असते.

कव्हर उघडल्यावर बेलच्या आतील पृष्ठभाग पाहावा. तिथे निळसर-जांभळे पट्टे दिसत असतील तर बेल पुन्हा पुन्हा तापली आहे. बोट फिरवल्यावर खाच लागत असेल तर ती झिजली आहे. आणि जागोजागी चकाकणारे ठिपके दिसत असतील तर ती गोल राहिलेली नाही. अशा बेलमध्ये कंपनीचे शू घातले तरी महिन्याभरात थरथर परत येईल, आणि शू लोकल असतील तर दोष मात्र त्यांच्याच माथी बसेल. कोल्हापूरकरांना इथे एक सोय आहे जी बहुतेक गावांना नाही: उद्यमनगरात लेथवर बेल बांधून, डायल लावून ती किती वाकडी फिरते हे पाहून देणारा कारागीर सहज भेटतो. किरकोळ फरक असेल तर तो हलकासा कट घेऊन पृष्ठभाग सारखा करून देतो. मात्र आतला व्यास कंपनीच्या सेवापुस्तिकेत दिलेल्या मर्यादेपलीकडे गेला तर बेल बदलावीच लागेल, आणि ती कंपनीचीच घ्यावी. बेल गाडीच्या चाकाइतक्याच खात्रीने गोल असावी लागते आणि स्वस्त बेलमध्ये नेमकी हीच गोष्ट हुकते, असा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट ग्रीसची. मागच्या पुलीच्या सरकत्या भागात थोडे ग्रीस घालावे लागते, आणि काही मिस्त्री ‘असू दे जरा जास्त’ म्हणून ते हात सोडून घालतात. गाडी फिरू लागली की जादा ग्रीस उडून थेट लायनरवर बसते. तेलाचे सील गळत असेल तरी परिणाम तोच. तेल शोषलेले लायनर पॉलिश पेपरने घासून तात्पुरते बरे होते, पण उष्णता लागली की आतले तेल पुन्हा वर येते. म्हणून आधी गळती थांबवावी आणि मगच नवे शू आणावेत.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. बेल सुस्थितीत असेल आणि गळती नसेल, तर शहरात चालणाऱ्या नऊ वर्षांच्या गाडीला स्वतःच्या नावाने विकला जाणारा स्वस्त संच बसवण्यात गैर काही नाही. चिरंजीवांचा ‘डुप्लिकेट’ हा शब्द मात्र दोन वेगळ्या गोष्टींना एकत्र बांधतो. एखादा लहान उत्पादक स्वतःचे नाव छापून स्वस्त शू विकतो तो एक प्रकार, आणि कंपनीच्या हुबेहूब खोक्यात नकली माल भरून जवळजवळ कंपनीच्याच भावात विकला जातो तो दुसरा. पहिल्यात आपण काय घेत आहोत हे ठाऊक असते; दुसऱ्यात पैसेही जातात आणि खात्रीही. त्यामुळे पक्के बिल मागावे, आणि ते देण्यास जो दुकानदार कुरकुरतो त्याच्याकडून काहीच घेऊ नये.

स्वस्त संचात लायनरचा मसाला बहुधा चालण्याजोगा असतो. फसवणूक होते ती स्प्रिंगांत आणि वजनात. तीन शूंपैकी एकाची स्प्रिंग नरम असेल किंवा एक शू जड असेल तर तो बाकीच्यांच्या आधी बेलला चिकटतो आणि नवी कोरी गाडीसुद्धा थरथरू लागते. म्हणून तिन्ही स्प्रिंगा टेबलावर शेजारी ठेवून त्यांची लांबी पाहावी, आणि गुजरीत ओळखीचा सराफ असेल तर तिन्ही शू त्याच्या काट्यावर घालून पाहावेत. सराफ हसेल, पण वजन खरे सांगेल. स्प्रिंगा मी स्वतः नेहमी कंपनीच्याच घेतो, कारण त्यांची किंमत एवढी थोडी असते की तिथे काटकसर करण्यात अर्थ नाही.

जोतिबाचा प्रश्न वेगळा आहे, आणि तिथे माझे हात एकदा पोळले आहेत. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून आणलेले शू मी पन्हाळ्याच्या चढावर नेले. कोल्हापूरहून पन्हाळा सुमारे २० किलोमीटर दूर आणि साधारण ४०० मीटर उंच आहे. त्या दिवशी पुढे वाहनांची रांग लागली होती, मी गाडी चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर तोलून धरत होतो, आणि वर पोहोचेपर्यंत जळका वास येऊन लायनर काचेसारखे गुळगुळीत झाले. दोष मालाचा निम्मा आणि माझा निम्मा होता. दोघे बसून, गर्दीत, कूर्मगतीने चढ चढताना शू पूर्ण चिकटत नाहीत, सतत घासत राहतात आणि सगळी उष्णता लायनरमध्ये साठते. आपला दर रविवारचा प्रवास पाहता मी आपल्याला कंपनीचे, अथवा निदान नामांकित उत्पादकाचे शू सुचवेन. गाडी फक्त बावडा ते शाहूपुरी चालत असती तर मिस्त्रींच्या बाजूने मत दिले असते. आणि शू कोणतेही असोत, चढावर थांबताना गाडी ब्रेकवर धरावी.

बसवण्याविषयी एवढेच की हे काम घरी करू नये. क्लचच्या मधल्या मोठ्या नटामागे दाबलेली जाड स्प्रिंग असते. ती दाबून धरण्याचे साधन न लावता नट सोडला तर सगळा जुडगा तोंडावर उडतो. जुन्या लायनरची धूळ हवेच्या पाइपने उडवू देऊ नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, कारण अशा धुळीत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. नव्या शूंवर पहिले काही दिवस गाडी सौम्यपणे चालवावी, थोडा वास आला तर घाबरू नये, आणि दोन-तीनशे किलोमीटरनंतर कव्हर उघडून लायनरची पूर्ण रुंदी बेलला लागते आहे का ते पाहावे.

प्रश्न : वडिलांची जुनी टू-स्ट्रोक चेतक पुन्हा चालू केली आहे. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये क्लच घसरतो. बाजारात स्वस्त कॉर्क प्लेटा मिळतात; त्या चालतील का? (एक वाचक, मंगळवार पेठ)

उत्तर : चालतील, आणि इथे मला पहिल्या उत्तराइतकी धास्ती वाटत नाही. चेतकचा क्लच तेलात बुडालेला, अनेक प्लेटांचा असतो. तो हाताने सुटतो आणि स्प्रिंगांच्या दाबाने पकडतो. पण प्लेटा घेण्यापूर्वी केबल पाहावी. लिव्हरला थोडीही मोकळीक नसेल तर क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो आणि नव्या प्लेटाही घसरतील. त्यानंतर गिअरबॉक्समधील तेल पाहावे, कारण मोटारीसाठी घर्षण कमी करणारे मिश्रण घातलेले इंजिन ऑइल कुणी ओतले असेल तर कॉर्कची पकड जाते.

या दोन्ही गोष्टी ठीक असतील तर नव्या प्लेटा रात्रभर त्याच तेलात भिजत ठेवाव्यात, लोखंडी प्लेटा जाड काचेवर ठेवून वाकल्या आहेत का ते तपासावे, आणि मधल्या नटाचे लॉक वॉशर नवेच घालावे. ते काही रुपयांचे असते, पण जुनेच ठोकून पुन्हा बसवले आणि नट सैल झाला, तर क्लच क्रँकवर (इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर) हलू लागतो आणि त्याला तिथे जागेवर धरणारी अर्धचंद्राकृती चावी तुटून क्रँकचे टोक खराब होते.

प्रश्न : क्लच शूंवर ब्रेकच्या शूंप्रमाणे नवे लायनर चिकटवून घेता येतात का? (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : चिकटवून देणारे भेटतात, पण मी ते करून घेणार नाही. क्लचचा शू स्वतः गरगर फिरत असतो, ब्रेकचा फिरत नाही. लायनर सुटले तर तुकडा शू आणि बेलच्या मध्ये अडकतो आणि ॲक्सिलरेटर सोडला तरी चाक इंजिनापासून सुटेनासे होऊ शकते.