लष्करी लिलावातली निसान वन-टन ऑफ-रोडसाठी बांधायची आहे. डिझेल इंजिन, उंच पाटे, मोठे टायर : सुरुवात कशापासून करू?

तुमच्या प्रश्नात इंजिन आहे, उंची आहे, टायर आहेत. ब्रेक हा शब्द कुठेच नाही. काकांनी लिलावात घेतलेली गाडी बरीच वर्षं शेडमध्ये उभी आहे असंही तुम्ही लिहिलंय, म्हणजे तर ब्रेकचं काम सगळ्यात आधी.

गाडी ओळखीची आहे. मूळची निसान कॅरिअर ४डब्ल्यू७३, अमेरिकन डॉज एम-३७ च्या वळणावर बेतलेली आणि आपल्याकडे जबलपूरला बांधलेली. लष्करी गाड्यांत शक्तिमान ट्रक मोठा, जोंगा जीप लहान, ही मधली. ३९५६ सीसीचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, खाली शिडीची चासी, पाटे (लीफ स्प्रिंग) आणि लो गिअर. ही पळण्यासाठी केलेलीच नाही. माल आणि माणसं घेऊन, वाट नसेल तिथून, माणसाच्या चालीने जाणं हे तिचं काम. म्हणून माझं मत सरळ आहे : तिला संथच ठेवा. पैसा घाला तो थांबण्यात आणि पाणी बाहेर ठेवण्यात.

पान्याला हात लावण्याआधी कागद काढा. लिलावाचं विक्रीपत्र आणि आरटीओचं पुस्तक यांतला चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळायला हवा. नसतील तर तिथेच थांबा. पुढचा सगळा खर्च बिनकागदाच्या लोखंडावर होईल. गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल तर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, पण त्यासाठी चासी, बॉडी, इंजिन मूळ स्वरूपात लागतं आणि रोजच्या वापराला ती गाडी रस्त्यावर आणता येत नाही. उलट इंजिन किंवा बांधणी बदलायची तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. कंपनीच्या मूळ बांधणीशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय. तेव्हा आरटीओत जाऊन आधी लेखी मंजुरी मागा. ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्या गॅरेजवाल्याला नंतर काहीच बघावं लागत नाही, ते तुम्हालाच बघावं लागतं.

आता ब्रेक. चारही चाकांना ड्रम. मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा दाब ब्रेक ऑइलवर टाकणारा, जुन्या पद्धतीचा, एकच लाइन असलेला असेल, तर एक रबरी होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. घाटात याचा अर्थ काय ते सांगायला नको. मी अशा गाडीला दोन लाइनींचा टँडम मास्टर सिलिंडर बसवतो, पुढची आणि मागची लाइन वेगळी करतो, सगळे होज आणि व्हील सिलिंडर नवे घालतो. लोखंडी पाइपांवर हात फिरवून समाधान मानू नका. गंज क्लिपच्या खाली लागतो, म्हणून पाइप पूर्ण काढून बघा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि तापलं की त्या पाण्याची वाफ होऊन पेडल खाली जातं, त्यामुळे जुनं ऑइल थेंबभरही ठेवायचं नाही. ड्रम कापायला देण्याआधी जाडी मोजून घ्या. लष्करात ते आधीच कापलेले असू शकतात. ओढा ओलांडून आल्यावर पेडलवर हलका पाय ठेवून थोडं अंतर जायचं, लायनर कोरडे होतात.

एक्सलचं काम वेळ खातं. पुढच्या चाकांमागचा लोखंडी गोळा ग्रीसने माखलेला आणि बाहेरून धुळीचा थर दिसला, तर आतलं सील गेलंय. चाक उचला, वरून आणि खालून धरून हलवा. खेळ जाणवला तर आधी व्हील बेअरिंग आवळून बघा, तरी राहिला तर किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन. किंगपिनच्या बेअरिंगचे पत्रे, म्हणजे शिम, मोजूनच बसवायचे, अंदाजाने नाही. पार्ट मिळत नाही म्हणून रडणाऱ्यांना मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात पाठवतो. जुना नमुना हातात द्या, बुश, पिन, स्पेसर लेथवर निघतात. क्राऊन-पिनियन, म्हणजे एक्सलमधली दातेरी चाकांची जोडी, मात्र स्थानिक करून घेऊ नका, जुनी चांगली जोडी शोधा आणि जोडीनेच घ्या.

एक्सल आणि गिअरबॉक्सचे ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याची तोंडं, हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात विसरलं जाणारं काम. तापलेलं हाउसिंग थंड पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ब्रीदरला रबरी नळी लावून ती बॉनेटच्या उंचीवर नेऊन बांधा. पाण्यातून आल्यावर ऑइल बघा. दुधाळ दिसलं तर त्याच दिवशी बदला.

चासीला हातोडी मारत फिरा. जिथे आवाज बद्द येतो तिथे, विशेषतः पाट्यांच्या हँगरजवळ आणि दोन पत्रे एकावर एक आहेत तिथे, आत चिखल बसून गंज झालेला असतो. चासीच्या वरच्या आणि खालच्या कडेला भोक पाडू नका, आडवं वेल्डिंगही करू नका. सगळा ताण त्या कडांवर असतो.

इंजिनाबद्दल तुम्हाला माझं म्हणणं आवडणार नाही. लिटरला चार किलोमीटर मिळाले तरी नशीब, मान्य. पण वर्षातून मोजक्या वेळा डोंगरात जाणार असाल तर डिझेल बसवण्याचा खर्च कधीच वसूल होणार नाही. शिवाय डिझेल कमी फेऱ्यांवर चालतं, एक्सलचं गुणोत्तर पेट्रोलच्या हिशेबाने केलेलं. आधीच संथ गाडी हायवेवर आणखी मागे पडेल. नवं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जोडणारी अ‍ॅडॉप्टर प्लेट केसभर तिरकी बसली तर पायलट बेअरिंग आणि क्लच खात राहील, आणि जड इंजिनाचं ओझं पुढच्या पाट्यांवर येईल ते वेगळंच.

आहे तेच इंजिन उघडा. कॉम्प्रेशन मोजा, रेडिएटरची जाळी नवी करून घ्या, कारण लो गिअरमध्ये चढ चढताना वारा मिळत नाही, सगळं काम पंख्यालाच करावं लागतं. हेड खाली काढलंच आहे तर कडक धातूच्या व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या. ही इंजिनं शिशाच्या पेट्रोलच्या काळातली, आणि देशभर ते पेट्रोल २००० सालीच बंद झालं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल असतं, जुनं रबर त्याने फुगतं आणि चिरतं. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सगळ्या नळ्या, पंपाचा पडदा, सील इथेनॉलला टिकणारेच घ्या. फिल्टर दोन लावा. टाकीच्या तळाचा जुना गाळ काही महिने येतच राहतो.

उंची वाढवू नका. पाटे सोडवून, वाकलेले बदलून, नवे बुश घातले की गाडी आपोआप मूळ उंचीवर येते आणि तेवढी पुरते. टायरही मूळ मापाचे, अरुंद आणि उंच. कोकणातल्या लाल चिखलात अरुंद टायर वरचा राडा कापून खालच्या कडक थरापर्यंत पोहोचतो. रुंद टायर वर तरंगतो आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून जोर दिला की पुढच्या एक्सलचा जॉइंट मोडतो. पावसातल्या काळ्या मातीवर कुठल्याच टायरचा इलाज नाही. नक्षी भरून चाक गुळगुळीत होतं. तिथे घरी बसावं.

मधे डिफरेन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा, नाही, म्हणून कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावायचं नाही. लिव्हर अडकून बसतो आणि ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणारी पेटी, रडते. पुढे-मागे चासीला बोल्ट केलेले ओढायचे हुक हवेत, बंपरला बांधलेली साखळी सुटून काच फोडते. इतकी जड गाडी रुतली तर लहान जीप तिला काढू शकत नाही, हे सोबत्यांना आधी सांगा. आणि कासपासून आंबोलीपर्यंतचे सडे, म्हणजे खडकाळ पठारं, मोकळी जमीन वाटतात म्हणून त्यावर चाक घालू नका. पावसाळ्यात त्या दोन बोटं मातीत जे उगवतं ते चाकाखाली गेलं की संपलं. वनखात्याची परवानगी लागते ती वेगळीच.

पहिल्या महिन्यात मास्टर सिलिंडर, होज, व्हील सिलिंडर, ब्रीदर एवढंच करा. मग गाडी सपाट शेतात लो गिअरमध्ये चालवून बघा, आणि कुठे काय गळतंय त्याचे फोटो इथे टाका.