अमेरिकेतल्या साऊथ डकोटा राज्याच्या सपाट मैदानात बघण्यासारखं काही आहे का? की थेट राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरलेला डोंगर, माउंट रशमोर, गाठावा?

आहे, आणि खरी मजा तिथेच आहे. सू फॉल्स शहरातून माउंट रशमोरजवळच्या रॅपिड सिटीपर्यंत आय-९० हा महामार्ग सरळ पश्चिमेला जातो, साधारण ५६० किलोमीटर. पहिले काही तास नुसतं गवत आणि आभाळ. कंटाळा येणार, हे गृहीत धरा.

मग बॅडलँड्स नॅशनल पार्क येतं आणि जमीन अचानक फाटते. गुलाबी, पिवळ्या, राखाडी पट्ट्यांचे मातीचे सुळके. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या बसाल्टची सवय असलेल्या डोळ्यांना हे बिस्किटासारखं ठिसूळ वाटतं, आणि ते आहेही तसंच; पावसाने दरवर्षी झिजतं. बहुतेक लोक लूप रोडने फिरून बाहेर पडतात. तुम्ही सेज क्रीक रिम रोड घ्या. रस्ता कच्चा आहे, पण बायसन आणि बिळांतून डोकावणारे प्रेअरी डॉग (खारीच्या जातीचे प्राणी) तिथेच दिसतात. बायसन गाईसारखा शांत दिसला तरी फोटोसाठी जवळ जाऊ नका. सूर्यास्त चुकवू नका, दुपारी मात्र सगळं फिकट दिसतं.

शेजारीच मिनिटमन क्षेपणास्त्राचा जुना सायलो, म्हणजे ते ठेवण्याची जमिनीखालची विहीर, काचेतून बघता येतो. शीतयुद्धात या गवताखाली अण्वस्त्रं होती! वॉल ड्रग हे दुकान १९३१ पासूनचं. फुकट थंड पाण्याच्या पाट्यांनी प्रसिद्ध झालं. अर्धा तास पुरे.

वाटेत टाइम झोन बदलतो, त्यामुळे घड्याळ एक तास मागे जातं. पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरून घ्या.