इंटरनेट बंद केल्यास सोलापूरच्या व्यापाऱ्याला कायद्याचा कोणता आधार आहे?

चादरी-टॉवेलच्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर घेणाऱ्या तुमच्यासारख्या व्यापाऱ्याला आधार निश्चित आहे. १८८५ च्या तार कायद्याच्या जागी आलेल्या दूरसंचार कायदा, २०२३ मधील कलम २० ने सेवा स्थगित करण्याचा सरकारचा अधिकार कायम ठेवला, ही माझ्या मते या सुधारणेतील सर्वांत मोठी उणीव आहे. मात्र सर्वोच्च न्यायालयाने काश्मीरमधील इंटरनेटबंदीला आव्हान देणाऱ्या अनुराधा भसीन खटल्यात, १० जानेवारी २०२० रोजी, इंटरनेटद्वारे व्यवसाय करण्यास राज्यघटनेच्या कलम १९ चे संरक्षण असल्याचे मान्य करून बेमुदत बंदी अमान्य केली. दूरसंचार सेवा स्थगितीच्या २०२४ च्या नियमांनुसार बंदीचा आदेश कारणांसह प्रसिद्ध करावा लागतो आणि तो १५ दिवसांपेक्षा अधिक काळ लागू राहत नाही. त्यामुळे प्रथम आदेशाची प्रत मिळवावी. तो प्रसिद्धच झाला नसेल, तर तोच आक्षेपाचा सबळ मुद्दा ठरतो. रिट याचिकेसाठी (हक्कभंगाविरुद्ध थेट उच्च न्यायालयात करायच्या अर्जासाठी) मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच आता सोलापूरकरांना मुंबईपेक्षा जवळ आहे.