क्रिस्पर स्क्रीनमध्ये (एकेक जनुक निकामी करून पेशींवर काय परिणाम होतो हे मोजणारी चाचणी) टीपी५३ (पी५३ या प्रथिनाचं जनुक) सगळ्यात वर आला, म्हणजे तो मानवी स्टेम सेलचं स्व-नूतनीकरण (स्टेम सेल राहूनच वाढत जाणं) रोखतो असं समजायचं का?

नाही, निदान तेवढ्यावरून नाही. जनुक निकामी करायला वापरलेलं कॅस९ हे एन्झाइम डीएनएचे दोन्ही धागे कापतं आणि मानवी प्लुरिपोटंट (शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या) स्टेम सेलना हा घाव फारसा सोसत नाही. पी५३ सक्रिय होऊन बऱ्याच मरतात. ज्यांचा टीपी५३च निकामी झाला त्या तगतात आणि मोजणीत फुगून दिसतात. २०१८ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये हे सविस्तर आलं आहे. डीएनए न कापता जनुक नुसतं दडपणारं क्रिस्पर-आय वापरून पडताळा, आणि ऑक्ट४च्या (स्टेम सेल असल्याची खूण मानलं जाणारं प्रथिन) पातळीनुसार पेशी वेगळ्या करून मग गाइड (कोणतं जनुक लक्ष्य आहे हे ठरवणारे आरएनए) मोजा. नुसतं जगणं म्हणजे स्टेम सेल राहणं नव्हे. मात्र टीपी५३ यादीतून सरसकट खोडू नका: क्रिस्परने संपादन न केलेल्या स्टेम सेलच्या लाइन्समध्येही (प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशीवंशांमध्येही) त्याची म्युटेशन्स असलेल्या पेशी वाढीत वरचढ ठरलेल्या आढळल्या आहेत.